प्रतिकारक वाण, पण कोणत्या किडीला?

पानगळ

बियाण्याच्या पिशवीवर 'किडींना प्रतिकारक' एवढंच छापलेलं दिसलं की मला विचारावंसं वाटतं, कोणत्या किडीला? पिकावर एकटी कीड कधी येतच नाही. कपाशी घ्या. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी रस शोषतात, बोंडअळ्या पात्या-फुलं-बोंडं पोखरतात, मुळांशी सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी), आणि वर बुरशी-जिवाणू आहेतच. एकाच झाडाला एकाच हंगामात या सगळ्यांना तोंड द्यायचं असतं.

गंमत अशी की एकीला अडवणारा गुण दुसरीच्या पथ्यावर पडतो. पानावर दाट लव असलेल्या कपाशीवर तुडतुड्यांचं फारसं चालत नाही. त्यांना अंडी घालायला अडचण होते, पिल्लांनाही नीट बसून रस शोषता येत नाही. म्हणून पैदासकारांनी लवदार वाण निवडले. पण पांढरी माशी अशाच पानांवर जास्त रमते, आणि बोंडअळीचे पतंगही गुळगुळीत पानापेक्षा केसाळ पानावर अधिक अंडी घालतात.

काकडीचं उदाहरण तर याहून नेमकं आहे. डा कोस्टा आणि जोन्स यांनी १९७१ मध्ये दाखवलं की काकडीच्या झाडातला कडूपणा ठरवणारं एकच जनुक दोन किडींचं भवितव्य उलटसुलट करतं. कडू झाडावर लाल कोळी (पानातला रस शोषणारे बारीक जीव) नीट वाढत नाहीत. भुंगेरे मात्र त्याच कडू द्रव्याच्या ओढीने येतात आणि पानांचा फडशा पाडतात. कडूपणा काढून टाकलेल्या झाडांकडे भुंगेरे फारसे वळत नाहीत, पण तिथे कोळी माजतात.

माझं म्हणणं एवढंच, की झाडाचा प्रतिकार सगळ्यांवर सारखा चालत नाही. तो कोणाच्या तरी विरोधात असतो आणि बहुतेक वेळा आणखी कोणाच्या तरी सोयीचा ठरतो. जाणकारांनी भर घालावी. फक्त 'अमुक औषध मारा' असे प्रतिसाद नकोत, त्यासाठी वेगळे धागे पडले आहेत.

सरळवाफा

वाचनखूण साठवली.

कोळी हा आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हे, हे आत्ताच लिहून ठेवतो. नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद त्यावरच जायचे.

भिंगवाला

लवेचा विषय निघालाच आहे तर टोमॅटोबद्दल लिहितो. टोमॅटोची बगलफूट खुडली की बोटं हिरवट-पिवळी होतात, थोड्या वेळाने काळपट पडतात, आणि साबण लावला की हातावरून पिवळं पाणी वाहतं. तो रंग रसाचा नसतो, केसांमधल्या द्रव्यांचा असतो. साधं दहापटीचं भिंग घेऊन कोवळा देठ उजेडात धरून बघा. काही केस लांब आणि टोकदार दिसतील. त्यांच्या मधे आखूड केस असतात आणि त्यांच्या टोकाला चकचकीत गोळी. तिला चार पेशी असतात. माव्याचा किंवा पांढऱ्या माशीचा पाय लागला की गोळी फुटते, आतलं द्रव्य हवा लागताच काळं पडून घट्ट होतं आणि पायांना, तोंडाला चिकटून बसतं. बारीक कीड तिथेच उपाशी मरते.

पानगळ म्हणतात ते इथेही लागू आहे. किडीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी असते, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तीही याच केसांत अडकते. टोमॅटोवर ट्रायकोकार्ड (या माशीची पिल्लं असलेली अंडी चिकटवलेला कागद) लावून अपेक्षेइतका गुण येत नाही, त्यामागचं एक कारण हे. आपली मित्र कोण, हे त्या गोळीला ठाऊक नसतं.

रसायनी

छान धागा. लव, काटे, जाड साल, भातातली सिलिका हे सगळं कायमचं संरक्षण झालं, कीड असो वा नसो. भाताच्या कोरड्या वजनात सिलिका दहा टक्क्यांपर्यंत असू शकते आणि खोडकिड्याच्या अळीचे जबडे तिच्यामुळे झिजतात. पण बहुकिडींच्या प्रश्नाचं मूळ आहे ते हल्ला झाल्यावर सुरू होणाऱ्या संरक्षणात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की बटाट्याचं किंवा टोमॅटोचं एक पान भुंगेऱ्याने कुरतडलं की धक्काही न लागलेल्या वरच्या पानांतसुद्धा प्रथिनांचं पचन रोखणारी द्रव्यं साठू लागतात. कीड पोट भरून खाते पण अंगी लागत नाही, वाढ खुंटते. पुढे १९९१ मध्ये रायन यांच्याच गटाने टोमॅटोच्या पानांतून १८ अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू वेगळा काढला, सिस्टेमिन. जखम झाल्यावर हे सगळं सुरू करून देण्यात त्याचा हात असतो. निरोप किती वेगाने जातो तेही २०१८ मध्ये कॅमेऱ्यात पकडलं गेलं. चमकणारं प्रथिन घातलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळांचं लाडकं तण) पानावर सुरवंट सोडला, तर चावा बसलेल्या जागेपासून कॅल्शियमची लाट निघून एक-दोन मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत गेलेली दिसते.

ही लाट पोचली की तिथे जास्मोनिक आम्ल तयार होतं. चावून खाणाऱ्या किडींविरुद्धची बहुतेक हालचाल याच्या हुकमाने चालते. दुसरं संप्रेरक सॅलिसिलिक आम्ल. जिवंत पेशींवर पोसणारे रोगजंतू आले की ते वाढतं, आणि बऱ्याच रसशोषक किडी आल्या तरी तेच वाढतं. आता मुख्य गोष्ट: ही दोन्ही एकमेकांना दाबतात. पूर्ण नाही, नेहमी नाही, पण बऱ्याच पिकांत दाबतात.

पांढरी माशी नेमका याचाच फायदा उठवते. ती पान फाडत नाही. सोंडेतली सुई पेशींच्या मधल्या फटींतून सरकवत थेट अन्नरसाच्या नळीपर्यंत नेते. झाडाच्या लेखी जखम अशी फारशी होतच नाही. सॅलिसिलिकची बाजू जागी होते, जास्मोनिकची थंडावते. आणि तिच्या पिल्लांना खरा त्रास झाला असता तो जास्मोनिकच्या संरक्षणाचा!

भातात हे उलट बाजूने तपासलं गेलं. २००९ मध्ये जास्मोनिक बनवण्याच्या वाटेवरचं एक जनुक बंद केलेली भाताची रोपं तयार केली. खोडकिड्याने ती जास्त खाल्ली, पण तपकिरी तुडतुड्यांचं मात्र त्यांच्यावर बस्तान बसेना. जनुक एकच, निकाल दोन.

तिरकस

सगळं ठीक आहे, पण 'झाड ओळखतं', 'झाड हुकूम देतं', 'निरोप जातो'... झाडाला मेंदू नाही हो. चावणारी अळी कोणती हे त्याला कसं कळणार? पान फाटलं, रसायन आलं, संपलं. कात्रीने कापलं तरी तेच होणार ना?

रसायनी

@तिरकस, कात्रीचा प्रश्न रास्त आहे आणि तो करून पाहिलेला आहे. मक्याचं पान नुसतं खरवडलं तर थोडाच वास सुटतो. त्याच जखमेवर लष्करी अळीच्या तोंडातली लाळ लावली की काही तासांनी वेगळाच वास भरपूर येऊ लागतो. १९९७ मध्ये त्या लाळेतला कारणीभूत रेणू सापडला, व्होलिसिटिन. तो ओळखायला मेंदू लागत नाही.

आणि ओळख बरीच बारीक असते. १९९८ मध्ये तंबाखूवर दाखवलं गेलं की दिसायला जवळजवळ सारख्या, जवळच्या नात्यातल्या दोन अळ्यांनी तेच पान खाल्लं तरी झाड वासाचं मिश्रण वेगळं सोडतं. त्यांपैकी एकाच अळीवर जगणारी परोपजीवी गांधीलमाशी बरोबर त्याच झाडाकडे जाते. अळी झाडावरून काढून टाकली, तरीही.

अर्थात अळ्याही गप्प बसत नाहीत. मक्याच्या कणसात शिरणाऱ्या अळीच्या लाळेत ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि तंबाखूचं निकोटिन वाढण्याची क्रिया ते दाबून टाकतं, हे २००२ मधलं काम.

तिरकस

बरं, लाळ मान्य. मेंदू अजूनही नाही.

पानगळ

रसायनीताई, खूप आभार. यावरून कपाशीतली एक गोष्ट आठवली, ती या धाग्यातच यायला हवी.

कपाशीचं पान उजेडासमोर धरलं की सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. देठावर, बोंडाच्या सालीवर, सरकीतही असतात. त्या ग्रंथी, आणि त्यांत गॉसिपॉल व त्याचे भाऊबंद. अळ्यांना हे मानवत नाही. माणसांना आणि कोंबड्या-डुकरांनाही नाही, म्हणूनच सरकीतलं एवढं प्रथिन वाया जातं असं वाटून विसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रंथीच नसलेली कपाशी तयार केली गेली. सरकी खाण्याजोगी झाली खरी, पण शेतात त्या झाडांवर एरवी कपाशीकडे न फिरकणारे किडेसुद्धा तुटून पडले. पुढे २००६ मध्ये कीर्ती राठोड यांच्या गटाने फक्त बियांतलं गॉसिपॉल कमी करायचं आणि पानं-बोंडांतलं तसंच ठेवायचं असा मार्ग काढला. झाडाने हत्यार कुठे ठेवलंय हे बघून मगच त्याला हात लावायचा, असं ते काम.

आणि आता बीटीचं. बीटी कपाशीत अळी मरते, म्हणजे पानं कमी खाल्ली जातात. पानं कमी खाल्ली गेली की झाड स्वतःची ही कडू द्रव्यं कमी बनवतं, कारण त्यांचं प्रमाण अळीच्या चाव्यानेच वाढतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्याचा फायदा माव्याला होतो. साध्या कपाशीवर अळीने खाल्लेल्या झाडांवर मावा कमी वाढला, बीटीवर त्याचं फावलं. अळी गेल्यावर रसशोषक किडी का वाढतात याचं एक उत्तर 'फवारण्या कमी झाल्या म्हणून' असं सगळे देतात, तेही बरोबरच आहे. पण झाडाच्या आतलं हे कारण क्वचितच कोणी सांगतं.

मृद्गंध

सगळे पानांवरच बोलताहेत म्हणून मुळांची बाजू.

मक्याच्या मुळांवर एका भुंगेऱ्याच्या अळ्या जगतात. त्यांनी मुळं कुरतडली की काही वाणांची मुळं कॅरिओफायलीन नावाचं द्रव्य मातीत सोडतात. त्याच्या मागावर कीटकांना मारणारे सूत्रकृमी येतात आणि अळीत शिरतात. (पिकाला गाठी आणणारे सूत्रकृमी वेगळे, हे आपल्या बाजूचे.) हे २००५ मध्ये समोर आलं, आणि त्याचबरोबर लक्षात आलं की उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक मका वाणांनी हा गुण गमावलेला आहे. उत्पादनाकडे बघत पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना तो कधी गळून पडला, कोणाला पत्ताच नाही. तो पाहायला कोणी मुळं हुंगत बसलं नव्हतं!

मग ओरेगानोचं जनुक घालून ते द्रव्य परत आणलं, आणि शेतात मुळांचं नुकसान खरंच कमी झालं. पण ही झाडं गरज असो-नसो बारा महिने वास सोडत होती. पुढच्या अभ्यासात त्यांची उगवण आणि उत्पादन घटलेलं दिसलं. झाडाने हल्ल्याची वाट बघत थांबणं हा आळस नाही, ती काटकसर आहे.

जाता जाता, याच मुळं खाणाऱ्या अळ्यांना मक्याचं ठेवणीतलं विष, डिम्बोआ ज्या गटातलं आहे ती द्रव्यं, बाधत नाहीत. उलट चांगली मुळं शोधायला त्यांचाच उपयोग होतो. माव्याला आणि खोड पोखरणाऱ्या अळीला मात्र हीच द्रव्यं जड जातात. कोबी-मोहरीतही हाच प्रकार. पानात एका पेशीत तिखट द्रव्याचा कच्चा माल, शेजारच्या पेशीत तो फोडणारं विकर, दारू आणि ठिणगी वेगवेगळ्या कोठारात ठेवावी तसं. अळीने चावलं की दोन्ही एकत्र येतात. पण कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीकडे तो कच्चा माल आधीच निकामी करणारं विकर आहे, आणि तिची आई अंडी कुठे घालायची ते याच द्रव्यांवरून ठरवते. म्हणजे चार प्रकारच्या अळ्या दूर ठेवणारं रसायन पाचवीला पत्ता देतं.

सरळवाफा

एक भाबडा प्रश्न. सॅलिसिलिक म्हणजे अ‍ॅस्पिरिनचंच भावंड ना? मग अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या पाण्यात विरघळवून पिकावर मारा, रोगप्रतिकार वाढतो, असे व्हिडिओ सारखे येतात. त्यात तथ्य किती?

रसायनी

तथ्य आहे, आणि या धाग्याचा सगळा घोळही त्यातच आहे. सॅलिसिलिकची बाजू जागी केली तर काही रोगांना आळा बसू शकतो. पण अ‍ॅस्पिरिन दिलेल्या टोमॅटोच्या झाडांत जखमेनंतर येणारी ती पचनरोधक द्रव्यं तयार होणं थांबतं, हे १९८८ मध्येच दाखवलेलं आहे. म्हणजे त्याच आठवड्यात अळी आली तर झाड तिच्यासमोर उघडं पडणार. शिवाय मात्रा चुकली तर पानं करपतात ते वेगळंच.

उलट प्रयोगही झाला. १९९९ मध्ये जेनिफर थेलर यांनी शेतातल्या टोमॅटोवर जास्मोनिक आम्ल फवारलं, तर अळ्यांना परोपजीवी गांधीलमाशी लागण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं. ऐकायला झकास. पण जास्मोनिक जास्त दिलेल्या टोमॅटोला फुलं कमी येतात, फळं उशिरा पिकतात, संख्येने कमी भरतात, हेही दुसऱ्यांनी मोजून ठेवलंय. फुकट काहीच नाही.

तिरकस

'औषध मारा' म्हणायचं नाही असा नियम आहे, तर मी 'औषध मारू नका' म्हणतो, चालेल? इमिडाक्लोप्रिड (रसशोषक किडींवरचं, निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक) वापरल्यावर लाल कोळी उसळतात, हे कोळी पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. आजवर सगळे म्हणायचे की मित्रकीटक मेले म्हणून. २०१३ मध्ये कपाशी, मका आणि टोमॅटो अशा तीन अगदी वेगळ्या पिकांवर पाहिलं गेलं, तर या गटातल्या कीटकनाशकांनी झाडाच्या स्वतःच्या संरक्षणातच फेरफार होतो आणि झाड कोळ्यांना जास्त मानवू लागतं, असं दिसलं. रस शोषणाऱ्यांना मारलं आणि कोळ्यांना आवतण दिलं.

मेंदू नसून एवढा घोळ होतोय, असता तर काय झालं असतं!

धूळपेर

उशिरा आलो. वरचे सगळे प्रतिसाद वाचून कोणाला वाटेल की एका गुणाने अनेक किडी कधीच अडत नाहीत. तसं नाही. टोमॅटोतलं एमआय हे जनुक बघा. १९४० च्या दशकात रानटी टोमॅटोशी संकर करून ते आणलं, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी. संकराचं बी रुजेना म्हणून कोवळा गर्भ काढून वाढवावा लागला होता. १९९८ मध्ये जनुक नेमकं हाती लागलं तेव्हा कळलं की बटाट्यावरच्या माव्यालाही तेच अडवतं, आणि पुढे २००३ मध्ये पांढऱ्या माशीचीही भर पडली. मुळातला कृमी आणि पानावरची माशी, दोघांना एकच जनुक. फक्त जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की सूत्रकृमींविरुद्धचा त्याचा जोर ओसरतो. उन्हाळी पीक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि एकाच जनुकावर भिस्त ठेवण्याचा दुसरा धोका भाताने दाखवलाय. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आयआर २६ हा तपकिरी तुडतुड्यांना प्रतिकारक वाण १९७३ मध्ये आला, आणि दोन-तीन वर्षांतच काही भागांत त्याला न जुमानणारे तुडतुडे तयार झाले.

वाण तर हातात असतो तो असतो. पण झाडाचं स्वतःचं संरक्षण आपण कसं लुळं करतो तेही लिहायला हवं. नत्र सढळ हाताने दिलं की पानं लुसलुशीत होतात, रसात अमिनो आम्लं वाढतात, आणि मावा-तुडतुड्यांची चंगळ होते. दाट लागवडीत झाडाला शेजाऱ्याची सावली नुसती जाणवली तरी ते उंच व्हायच्या मागे लागतं आणि जास्मोनिकची बाजू ढिली सोडतं. ही दोन कामं आपण हौसेने करतो आणि नंतर वाणाला नावं ठेवतो.

लाजाळू

वाचनमात्र होते, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. अळी आणि पांढरी माशी एकाच वेळी आली तर झाड कोणाची बाजू आधी सांभाळतं? आणि शेजारची निरोगी झाडं वास घेऊन सावध होतात म्हणतात, ते पिकात खरंच होतं का?

रसायनी

@लाजाळू, पहिल्याचं उत्तर: बरंचसं कोण आधी आलं यावर. अरॅबिडॉप्सिसमध्ये मोजलंय, जास्मोनिकचं काम ३० तासांहून जास्त आधी सुरू झालेलं असेल तर मागून आलेलं सॅलिसिलिक त्याला फारसं दाबू शकत नाही. त्याच्या आत आलं तर दाबतं. मात्रेचंही आहे. दोन्ही थोडी थोडी असली तर एकमेकांना पूरकही ठरतात, भांडण लागतं ते प्रमाण चढल्यावर. पिकापिकात हे आकडे वेगळे असणार.

दुसऱ्याचं उत्तर हो, पण सगळ्या किडींच्या बाबतीत ते आपल्या फायद्याचं नाही. मक्यात अळीने खाल्लेल्या झाडाचा हिरवा वास शेजारच्या रोपाला लागला तर पुढच्या हल्ल्याला ते रोप लवकर आणि जोरात उत्तर देतं. टोमॅटोत मात्र २०१९ मध्ये पांढऱ्या माशीचा डाव उघडकीला आला. माशी लागलेल्या झाडाचा वास घेऊन शेजारचं झाड रोगजंतू आल्यासारखी सॅलिसिलिकची तयारी करतं, जास्मोनिक मागे ठेवतं, आणि माशी तिथे पोचते तेव्हा तिच्या पिल्लांची वाढ आणखी जोमाने होते. रोपवाटिकेत माशी लागलेले ट्रे निरोगी ट्रेंपासून लांब ठेवायचे, ते नुसती माशी उडून जाईल म्हणून नाही.

लाजाळू

किती लांब?

रसायनी

शक्य असेल तर वेगळ्या शेडमध्येच, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. एकाच छपराखाली ठेवायचे असतील तर लागलेली रोपं काढून पिशवीत बंद करून बाहेर न्या. पानाची खालची बाजू उलटून बघितल्याशिवाय ट्रे निरोगी समजू नका. पिल्लं तिथेच चिकटलेली असतात आणि वरून पान अगदी ठणठणीत दिसतं.

सरळवाफा

ट्रे उलटून बघायला चाललो.